श्रोणितळाचे आरोग्य आणि फिजिओथेरपी (ठाणे–नवी मुंबई)

श्रोणितळ म्हणजे कमरेच्या हाडी कड्याचा स्नायूंनी बनलेला तळ. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांपर्यंत हे स्नायू झोळीसारखे पसरलेले असतात. त्यांतला मोठा गट लेव्हेटर अ‍ॅनाय या नावाने ओळखला जातो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणे, लघवी व शौच रोखून धरणे आणि वेळ आली की सोडणे, शरीरसंबंधात गरजेप्रमाणे सैल होणे किंवा आवळणे ही त्यांची कामे. श्वासपटल आणि पोटाच्या स्नायूंबरोबर ते धडालाही स्थैर्य देतात. हे स्नायू पुरुषांनाही असतात, हे बरेचदा विसरले जाते.

या स्नायूंचे बिघाड दोन विरुद्ध दिशांनी होतात. काहींचे स्नायू कमजोर पडतात, तर काहींचे इतके आखडतात की सैल व्हायचेच विसरतात. पहिल्यात लघवी सुटते, अंग बाहेर येते (गर्भाशय किंवा मूत्राशय योनीवाटे खाली उतरते), वायू किंवा शौच रोखता येत नाही. दुसऱ्यात संबंधाच्या वेळी दुखते, लघवी अडखळत होते, शौचाला कुंथावे लागते, माकडहाड आणि ओटीपोट सतत ठणकते. आखडलेला स्नायू थकलेलाही असतो, त्यामुळे गळती आणि वेदना एकाच रुग्णात आढळू शकतात. म्हणून तपासणीआधी व्यायाम सांगणे चुकीचे. ठाण्या-मुंबईत मोबाइलवर फिरणारे ‘रोज शंभर वेळा आवळा’ छापाचे सल्ले या साध्या गोष्टीपाशीच फसतात.

लघवीची गळती मुख्यतः दोन प्रकारची. खोकला, शिंक, हसू किंवा सुटत चाललेल्या लोकलमागे मारलेली धाव यांनी पोटातला दाब एकदम वाढतो आणि थेंब सुटतात, ती ताणजन्य गळती. अचानक जोराची लागते आणि बाथरूम गाठेपर्यंत दम निघत नाही, ती घाईची गळती. अनेकींना दोन्ही असतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना कमी-अधिक गळती होते. चिमटा लावून झालेली प्रसूती, गुदद्वारापर्यंत गेलेली फाट, जुनाट बद्धकोष्ठता, सततचा खोकला, वाढलेले वजन आणि पाळी जाण्याचा काळ यांनी धोका वाढतो. सिझेरियनने तो कमी होतो, पण टळत नाही. ‘पिशवी काढली की सगळे सुटेल’ ही समजूत जिल्हाभर ऐकू येते. गर्भाशय काढणे हा गळतीवरचा इलाज नव्हे.

या पट्ट्यातल्या दिनक्रमाचाही यात वाटा आहे. पनवेलहून किंवा ठाण्याहून सीएसएमटीला जायला लोकलने तास-सव्वा तास सहज लागतो. 2004 साली ठाणे ट्रान्सहार्बर मार्गाने नवी मुंबईला जोडले गेले आणि ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या नोकऱ्यांसाठी रोजचा प्रवास करणाऱ्या स्त्रिया वाढल्या. स्वच्छ स्वच्छतागृहाची खात्री नसल्याने पुष्कळजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि निघताना लागलेली नसली तरी एकदा जाऊन येतात. दोन्ही सवयी अंगाशी येतात. प्रौढ मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलिलिटर लघवी मावते आणि दिवसात सहा ते आठ वेळा जावे लागणे नेहमीचे आहे. उगाच जात राहिले की मूत्राशय थोड्याशा लघवीलाच हाक देऊ लागते. पाणी तोडले की लघवी दाट होऊन जळजळते, शिवाय शौचाला खडा होतो. सार्वजनिक स्वच्छतागृहात भांड्याला न टेकता अधांतरी बसल्याने तळाचे स्नायू पुरते सैल होत नाहीत. स्त्रियांना मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ हे आंदोलन सुरू झाले. त्याकडे नागरी सुविधांची मागणी म्हणून पाहिले जाते. ते आरोग्याचेही आंदोलन आहे.

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेल्या बायकांचा प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षे ओझे उचलणे हे अंग बाहेर येण्याच्या कारणांपैकी एक. त्यांना ‘जड उचलू नका’ एवढेच सांगून पाठवणे म्हणजे काहीच न सांगणे. घर त्याच पाटीवर चालते. उचलताना श्वास बाहेर सोडणे, त्याआधी क्षणभर तळ आवळून वर खेचणे, ओझे अंगाजवळ घेणे हे शिकवता येते. अंग खाली उतरण्याचे प्रमाण सौम्य किंवा मध्यम असेल तर व्यायामाने त्रास कमी होतो. त्यापुढे योनीत बसवायची रिंग पेसरी किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत.

वेदना आणि शरीरसंबंध

याबद्दल बोलायला सर्वांत जास्त वेळ लागतो. योनिमार्गाभोवतीचे स्नायू इच्छेविरुद्ध आवळले जातात आणि संबंध, टॅम्पॉन किंवा डॉक्टरांची तपासणी यांपैकी काहीच जमत नाही, या अवस्थेला व्हजायनिस्मस म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये तिला संबंधावेळच्या वेदनेबरोबर एकाच निदानात घातले, कारण भीती, दुखणे आणि स्नायूंचे आखडणे यांना प्रत्यक्षात वेगळे काढणे कठीण असते. लग्नाला काही वर्षे होऊनही संबंध जमलेला नाही, ही गोष्ट कधीकधी मूल होत नाही म्हणून वंध्यत्वाच्या दवाखान्यात गेल्यावरच उघड होते. तोवर बाईला ‘मनाचे खेळ’, ‘थोडं सहन कर’ असे बरेच ऐकून घ्यावे लागलेले असते. सहन करून हे बरे होत नाही. दर वेळच्या दुखण्याने स्नायू पुढच्या वेळी आणखी लवकर आवळतो. बाळंतपणातल्या टाक्यांचा ओढला जाणारा व्रण, अंगावर पाजण्याच्या काळातला किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे), जंतुसंसर्ग हीही कारणे असतात. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी आधी, फिजिओथेरपी तिच्या जोडीने.

उपचाराचा पाया सैल होणे शिकण्यात आहे. पोटात खोल श्वास घेताना तळ खाली उतरतो, हे आधी जाणवून द्यावे लागते. मग मांडीचे व नितंबांचे स्नायू ताणण्याचे व्यायाम, दुखऱ्या गाठी बोटाने हलकेच दाबून मोकळ्या करणे आणि शेवटी करंगळीएवढ्या मापापासून चढत जाणारे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या. गती रुग्णाने ठरवायची असते. गरज असेल तिथे समुपदेशक आणि जोडीदार यांनाही सामील करून घेतात. घणसोली-कळव्याच्या वन बीएचकेत सासू-सासरे, मुले यांच्यासह राहणाऱ्या बाईला रोज पंधरा मिनिटे दाराची कडी कुठे लावता येईल, हा प्रश्नही उपचाराच्या आखणीत धरावा लागतो.

केगेल व्यायाम

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी व्यायाम मांडले. स्त्री खरोखर योग्य स्नायू आवळते आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी दाब मोजणारे पेरिनिओमीटर हे उपकरणही वापरले. पुढे व्यायाम जगभर पसरला आणि मोजमाप मागे राहिले. 1991 मध्ये अमेरिकेत 47 स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन पाहिले, तेव्हा जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला, आणि चौथाई स्त्रिया उलट गळती वाढेल अशा पद्धतीने जोर लावत होत्या. हठयोगातला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांतही हाच भाग आवळला जातो, त्यामुळे योगवर्गातून आलेल्यांना सूचना लवकर कळते. सैल सोडण्याची बाजू मात्र त्यांनाही वेगळी शिकवावी लागते.

योग्य पद्धत अशी : वायू रोखल्यासारखा मागचा भाग आवळायचा, तोच ताण पुढे आणत आत व वर खेचायचा, श्वास चालू ठेवायचा, पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. जमेल तितके सेकंद धरून तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या शिफारशीनुसार ताणजन्य किंवा मिश्र गळतीसाठी दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचने, आणि असे किमान तीन महिने देखरेखीखाली करायचे असते. खोकण्या-शिंकण्याच्या नेमके आधी तळ आवळण्याची युक्ती काहींना आठवड्याभरातच उपयोगी पडते. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा व्यायाम करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

तपासणीत आधी बराच वेळ बोलणे होते. किती वेळा जाता, किती पाणी पिता, बाळंतपणे कशी झाली, कुठे दुखते याची नोंद घेतात. मग श्वास, पाठ, पोट आणि वरून दिसणारी हालचाल पाहतात. हातमोजे घालून बोटाने आतली ताकद शून्य ते पाच अशा मापाने मोजता येते, पण त्यासाठी स्पष्ट संमती हवी आणि ती कधीही मागे घेता येते. अविवाहित मुलींना किंवा नको म्हणणाऱ्यांना बाहेरून किंवा सोनोग्राफीने तपासता येते. बायोफीडबॅक (स्नायू किती आवळतो ते यंत्रावर दाखवणे) व विद्युत उत्तेजन ही जोडीची साधने. यंत्रावर झोपवून ठेवणे म्हणजेच उपचार, असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे.

बाळंतिणीच्या सव्वा महिन्यातल्या घरगुती रीतींपैकी विश्रांती, मालीश आणि पोटभर खाणे स्वागतार्ह. पोटाला साडी किंवा पट्टा करकचून बांधण्याबद्दल मात्र जपून. फार घट्ट बांधल्यास दाब खालीच जातो. शेकापेक्षा शौच साफ होण्याकडे लक्ष द्यावे, असे आजीला पटवणे हा फिजिओथेरपिस्टच्या कामाचा एक भाग होऊन बसतो.

पुरुषांत प्रॉस्टेट काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गळती, ओटीपोटाचे जुनाट दुखणे आणि ताठरतेच्या काही तक्रारींत हे व्यायाम उपयोगी पडतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींमागे जाण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञ गाठलेला बरा.

ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील रुग्णालय येथील स्त्रीरोग विभागांतून सुरुवात करता येते. नेरूळ आणि कामोठे येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. ओटीपोटाच्या तक्रारींचे काम प्रत्येक फिजिओथेरपिस्ट करत नाही. फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडील नोंदणीबरोबर या विषयातले प्रशिक्षण विचारून घ्यावे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या स्त्रियांचा योनिमार्ग अरुंद होऊ शकतो. त्यांना डायलेटर सांगतात ते संबंधासाठी, तसेच पुढची तपासणी शक्य राहावी म्हणूनही.

लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर रक्तस्राव, तापासह ओटीपोटात कळा असे काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. जांघेत व बैठकीच्या भागात एकाएकी बधिरता येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ती मणक्यातील नसा दबल्याची खूण असू शकते. तेव्हा त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठायचे.