पार्श्वभूमी : ‘कम्प्लीट बेड रेस्ट’ ही ओळ आली कुठून?

मागच्या पावसाळ्यात माझी काकू इंदूरच्या रामबागेतल्या घरी मोरीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७९. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी घरी आली. सोबत आलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘सल्ला’ या रकान्यात छापील ओळ होती : ‘कम्प्लीट बेड रेस्ट’. तिच्याच खाली फिजिओथेरपिस्टने बॉलपेनने लिहिलेलं : ‘वॉकर घेऊन दिवसातून चार वेळा चालवणे’.

घरात लगेच दोन तट पडले. आत्या छापील ओळीच्या बाजूची. “एवढं मोठं ऑपरेशन झालंय, आणि तुम्ही तिला चालवताय?” चुलत वहिनी बॉलपेनच्या बाजूची, कारण वॉर्डात चालवताना तिने पाहिलं होतं. मला मात्र भांडणापेक्षा त्या कागदाचंच नवल वाटलं. दोन्ही सल्ले वैद्यकानेच दिलेले, पण त्यांच्यात शंभरेक वर्षांचं अंतर. वरची ओळ पणजोबांच्या काळची, खालची आत्ताची.

वरच्या ओळीचं मूळ आपल्याकडे शोधायचं तर सुश्रुतापाशी जावं लागतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय शस्त्रक्रियेबद्दल नाहीच. जखमी माणसाची नंतर शुश्रूषा कशी करायची, एवढाच त्याचा विषय. खोली स्वच्छ आणि वाऱ्याचा झोत न येणारी असावी, उशाशी गोड बोलणारे मित्र असावेत आणि त्यांनी गोष्टी सांगून दुखणं विसरायला लावावं. मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी. दिवसा झोपू नये. आणि अंगात ताकद असली तरी चालू-फिरू नये. मांडीचं हाड मोडलं तर रोग्याला फळीवर खिळवून ठेवायचं, याला तो ‘कपाटशयन’ म्हणतो. हाड सांधायला तरुणाला एक महिना, मध्यमवयीनाला दोन, म्हाताऱ्याला तीन, असा त्याचा हिशेब आहे. क्ष-किरण नसताना हा हिशेब मांडलेला, आणि फार चुकलेलाही नाही. म्हणजे आत्या एकटी नाही, तिच्या मागे भक्कम परंपरा उभी आहे.

युरोपात हीच श्रद्धा १९व्या शतकात शास्त्र म्हणून पक्की झाली. १८६० ते १८६२ दरम्यान लंडनच्या जॉन हिल्टनने विश्रांती हाच निसर्गाचा उपचार, असं व्याख्यानांमधून मांडलं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने त्याचा नियमच करून टाकला : विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी. हा थॉमस हाडं बसवणाऱ्या घराण्यातला. वडील एव्हन थॉमस डॉक्टर नव्हते, हाडवैद्य होते. आपल्याकडे मोडलेला हात घेऊन माणसं आखाड्यातल्या पहलवानाकडे जायची (अजूनही जातात), तसं लिव्हरपूलचे गोदी कामगार त्यांच्याकडे जायचे. मुलगा रीतसर डॉक्टर झाला, पण हातात घराण्याचीच कला होती. त्याने केलेल्या लोखंडी स्प्लिंटला, म्हणजे मोडलेला पाय ताणून स्थिर ठेवणाऱ्या चौकटीला, त्याच्या हयातीत फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धात त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती आघाडीवर नेली. मांडीचं हाड गोळीने फुटलेल्या सैनिकांतले सुमारे ८० टक्के आधी दगावत असत, ते प्रमाण युद्ध संपेपर्यंत २० टक्क्यांच्या आसपास आलं, असं सांगतात. विश्रांतीचा एवढा मोठा विजय पाहिल्यावर तिच्याविरुद्ध कोण बोलणार?

पण तो विजय तरुण सैनिकाच्या मांडीचा होता. म्हाताऱ्या बाईच्या खुब्याची गोष्ट वेगळी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला जाणारं रक्त मुख्यतः हाडाच्या मानेवरून जातं. मान मोडली की तो पुरवठा तुटतो आणि कितीही निजवून ठेवलं तरी हाड सहसा सांधत नाही. हे लंडनच्या अॅस्टली कूपरने १८२२ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याचा व्यवहारी सल्ला असा होता की, अशा वृद्धाला आठ-पंधरा दिवस, दुखणं ओसरेपर्यंत उशा लावून ठेवा, मग उंच खुर्चीत बसवा, मग कुबड्या द्या. हाड सांधण्याचा नाद सोडा, माणूस वाचवा. दोनशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण मधल्या काळात मागे पडलं.

मागे पडलं म्हणजे काय झालं, ते आमच्या घराने पाहिलं आहे. १९६८-६९च्या सुमारास माझी आजी, म्हणजे याच काकूची सासू, अशीच पडली. तिला एका इस्पितळात ठेवलं. पलंगाच्या पायथ्याशी विटा लावून तो भाग उंच केलेला, पायाला चिकटपट्टी, दोरी कप्पीवरून खाली आणि तिला वाळूची पिशवी लटकवलेली. काकू तेव्हा घरात नवी आलेली. रोज डबा घेऊन जायची आणि पिशवी हलू नये म्हणून पलंगापासून हातभर लांब उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर जखम झाली. पुढे छातीत कफ साठला. आजी परत घरी आली नाही. घरात आजही म्हणतात, “खुबा मोडून गेली.” खरं तर तिला मोडलेल्या खुब्याने नाही, पलंगाने मारलं.

पलंग नेमकं काय करतो? चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून शिरांतलं रक्त वर ढकलतात. चालणंच थांबलं की रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. १८५०च्या दशकात जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शोने ही गुठळीची वाट दाखवून दिली होती. उताणं पडून श्वास वरवरचा होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे कफ धरतो, मग न्यूमोनिया. हाडावरची कातडी तासन् तास गादीला दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं आणि ती काळी पडते. शिवाय स्नायू झिजतात ते वेगळंच. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं निजवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या म्हातारपणाने त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलेलं निघालं. २००७ मध्ये साठी ओलांडलेल्या निरोगी लोकांवर असाच प्रयोग झाला. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं.

बंडखोर मात्र सगळ्या काळात होते. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीसने पोटाच्या ऑपरेशननंतर बायकांना एक-दोन दिवसांत उठवायला सुरुवात केली आणि तसं छापलंही. कुणी ऐकलं नाही. टाके उसवतील ही भीती सगळ्या युक्तिवादांहून मोठी होती. १९३८ च्या सुमारास डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझरकडे अपेंडिक्सचा एक रुग्ण दुसऱ्याच दिवशी हट्टाने उठला आणि त्याला काहीही झालं नाही. लाइटहाउझरने त्यावरून आपली पद्धतच बदलली. ती जगभर पसरली ती मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे : खाटा कमी, नर्सेस कमी, म्हणून जखमींना उठवावंच लागलं, आणि उठवलेले लवकर बरे झाले. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड अॅशरने खाटेवर पडण्याचे धोके सांगणारा छोटा, खवचट लेख लिहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये इंदूरचं महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याआधी शहरात १८७८ पासून मेडिकल स्कूल होतंच. विचार पोचायला कागदावर एक वर्ष पुरतं. वॉर्डात पोचायला किती लागतात, ते आजीच्या पलंगावरून कळतं.

खुब्याच्या बाबतीत बंड यशस्वी व्हायला लोखंड लागलं. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२५ मध्ये तीन पाती असलेला खिळा वापरून मोडलेली मान आतून जोडली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्टिन मूरने तुटलेल्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवायची सोय केली. आपल्याकडे ‘गोळा बदलला’ म्हणतात तो बऱ्याचदा याच घराण्यातला. या सगळ्याचा हेतू हाड सुंदर दिसावं हा नव्हताच. माणसाला दुसऱ्या दिवशी पायावर उभं करता यावं, म्हणून हा खटाटोप. म्हणजे ऑपरेशन करून पुन्हा झोपवून ठेवणं हे छत्री विकत घेऊन भिजत जाण्यासारखं झालं.

घाई किती करावी, हा वाद अजून चालू आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निदानानंतर सहा तासांच्या आसपास ऑपरेशन आणि चोवीस तासांच्या आसपास ऑपरेशन यांची तुलना केली. मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम कमी झाला आणि ते लवकर उठले. तेव्हा ‘आज अमावास्या आहे, परवा करू’ म्हणणाऱ्यांनी तो परवाचा दिवस पलंगावर जाणार आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

आता खाण्याकडे येऊ, कारण घरातलं खरं युद्ध स्वयंपाकघरात झालं. आत्याने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं : दही नाही, दूध नाही, उडीद नाही, गूळ नाही, पू होतो. मला वाटायचं, ही आमच्या घरातली पद्धत. सुश्रुताचा तोच अध्याय उघडला तर यादी जशीच्या तशी : नवं धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, गूळ, खीर, दही, दूध, ताक. पुढे शेराही आहे की हा वर्ग ‘पूयवर्धन’, म्हणजे पू वाढवणारा. दीड-दोन हजार वर्षं हा शब्द तोंडातोंडी टिकून रामबागेतल्या फ्रीजपर्यंत पोचला, याचं मला कौतुकच वाटलं. पण गंमत अशी की, त्याच अध्यायात काय खावं हेही दिलंय : जुन्या तांदळाचा ऊन भात, तूप, मुगाचं कढण, आवळा, डाळिंब, आणि रानातल्या प्राण्यांचं मांस, कारण त्याने जखम लवकर भरते. वर्ज्य गोष्टींची यादी आपण पाठ केली. खायच्या यादीतली अर्धी गळाली. उरलं काय, तर मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किट.

सुश्रुताचं मांस आणि मुगाचं कढण यांचं कारण १९३०-३२ मध्ये ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसनने दाखवलं. पाय मोडलेल्या लोकांच्या लघवीतला नायट्रोजन, म्हणजे मोडलेल्या प्रथिनांची खूण, त्याने मोजला. तो इतका होता की नुसत्या मोडलेल्या जागेतून येणं शक्य नव्हतं. दुखापत झाल्यावर शरीर सगळ्या अंगातले स्नायू मोडून दुरुस्तीचा माल काढतं. भिंत दुरुस्त करायला घरातलंच फर्निचर जाळून वीट भाजावी, तसं. १९३६ मध्ये क्लीव्हलंडच्या हायरम स्टडलीने जठराच्या अल्सरचं ऑपरेशन झालेले रुग्ण तपासले. आधी पाचव्या हिश्शाहून जास्त वजन घटलेल्यांत तिघांमागे एक दगावला होता. बाकीच्यांत शंभरात तीन-चार. शाकाहारी घरात उत्तर सोपं आहे : वरणाची वाटी मोठी करा, मुगाचं धिरडं, पनीर, दूध, आणि हो, दहीसुद्धा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून.

ऑपरेशनआधीच्या उपासाची कथाही अशीच वळणाची. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरने १८८३ मध्ये लिहिलं होतं की पोटात घन अन्न नसावं, पण दोन तास आधी कपभर चहा घ्यायला हरकत नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या मेंडेलसन या डॉक्टरने बाळंतपणात भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या केसेस मांडल्या. सगळे घाबरले आणि ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हा नियम रुजला. १९८६ मध्ये कॅनडात प्रत्यक्ष मोजून दिसलं की दोन-तीन तास आधी पाणी प्यायलेल्यांचं पोट उपाशी असलेल्यांपेक्षा भरलेलं नव्हतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने स्वच्छ पाण्याला दोन तासांपर्यंत मुभा दिली. १९९०च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेटने हे सगळे धागे एकत्र वळले : थोडा उपास, वेदनांवर चांगला इलाज, लवकर खाणं, लवकर चालणं. काकूला मात्र रात्री दहापासून दुपारी दोनपर्यंत कोरडं ठेवलं, कारण तिच्या आधीची केस लांबली.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कार्डावर नव्हती. थिएटरमध्ये नेताना काकूचा चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र वहिनीच्या हातात दिलं. तिने ते स्टीलच्या डब्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवलं. रात्री काकू आपल्या दिवंगत नवऱ्याशी बोलू लागली, सलाइन उपटायला निघाली. सगळे म्हणाले, वय झालं, डोक्यावर परिणाम झाला. हा भ्रम ऑपरेशननंतर वृद्धांना बऱ्याचदा होतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शॅरन इनॉय यांनी दाखवलं की, चष्मा-यंत्र देणं, पाणी पाजणं, झोप मोडू न देणं, दिवसवार सांगत राहणं, चालवणं, एवढ्यानेही सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांतलं भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत येतं. पहाटे डबा उघडला. चष्मा लागला, यंत्र लागलं, आणि काकूने पहिलं वाक्य टाकलं : “कवळी दे आधी.”

आपल्या वॉर्डांत हे काम नातेवाइकांचंच असतं. फिजिओथेरपिस्ट येतो पंधरा मिनिटं, “चलिए माताजी, दो कदम” म्हणतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. उरलेले पावणेचोवीस तास जमिनीवर सतरंजी टाकून बसलेल्या माणसाचे. कूस कुणी बदलायची, फुप्फुसाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला कुणी लावायचं, आपल्याकडच्या बसक्या संडासाचं काय करायचं, हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. त्याच्या हातात पडतं ते कार्ड.

दहा दिवसांनी टाके काढायला गेलो तेव्हा मी ते कार्ड ज्युनिअर डॉक्टरपुढे ठेवलं आणि विचारलं, यातलं खरं काय धरायचं? त्याने वर न बघता पेन उचललं, छापील ओळ खोडली आणि म्हणाला, “अरे, वो तो पहले से छपा हुआ है.” मग पुढचं कार्ड ओढलं. त्यावरही ती ओळ होतीच.