चेनसॉचा सुरक्षित वापर

चेनसॉ म्हणजे फिरत्या साखळीची करवत, पेट्रोलवर नाहीतर बॅटरीवर चालणारी. आपल्याकडे बरेच जण तिला नुसतं कटर म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या नि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते बंद पडले, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा परत तेच. अशा वेळी कुऱ्हाड-कोयत्याने दिवसभराचं काम कटर तासाभरात करतं, पण हे मशीन हातात धरायचं कसं हे कुणीतरी आधी नीट दाखवायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी तेच होत नाही.

सगळ्यात मोठा धोका किकबॅकचा, म्हणजे मशीनच्या उलट्या उसळीचा. साखळी ज्या पट्टीवरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कुठल्याही लाकडाला टेकला की साखळी तिथे चावते आणि अख्खी पट्टी वर उसळून मागे, थेट तोंडा-मानेकडे येते. साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास म्हणजे ताशी ७० किलोमीटर, त्यामुळे ‘मी सावरेन’ हा विचार डोक्यात यायच्या आत सगळं झालेलं असतं. म्हणून टोकाने कापायचं नाही, आपण जी फांदी कापतोय तिच्या मागे दुसरी फांदी आहे का ते आधी बघायचं, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळवून धरायचा. पुढच्या हँडलसमोर जो आडवा गार्ड असतो तो चेन ब्रेक आहे, उसळी आली की मनगटाच्या धक्क्याने किंवा आपोआप तो साखळी थांबवतो. तो ढिला झाला म्हणून काढून ठेवलेली मशीनं मी पाहिली आहेत, कृपा करून असं करू नका.

आता पडलेलं झाड. उभ्यापेक्षा ते सोपं वाटतं पण माझ्या मते तेच जास्त फसवं, कारण त्यात ताण साठलेला असतो. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबात असते आणि खालची ताणात, नुसतं वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि पट्टी अडकते, म्हणून वरून साधारण एक तृतीयांश कापून उरलेलं खालून वर. एक टोक लटकत असेल तर बरोबर उलट, आधी खालून थोडं मग वरून. खालून कापताना मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, पाय घट्ट रोवून उभं राहा. वाकून दबलेली फांदी एका झटक्यात तोडली तर ती धनुष्यासारखी सुटते.

मुळासकट उपटलेल्या झाडाचं तर फार जपून. बुंध्याजवळ कापलं की वरचं वजन जातं आणि मातीचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो, तुटका बुंधा उभा राहतो. त्या खड्ड्यात माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नसावं. आणि झाडात विजेची तार अडकलेली असेल तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही.

उभं झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे बुंध्याच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खाच, मग मागून काप, आणि मधे दहाव्या भागाएवढं लाकूड न कापता ठेवायचं, म्हणजे २ फुटी बुंध्याला अडीच इंच. हीच बिजागरी, झाड हिच्यावर वळत खाली येतं. पळायची वाट मागे तिरपी, आधीच साफ केलेली. बाकी माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब, ४० फुटी झाड असेल तर ८० फूट.

मशीन चालू करताना ब्रेक लावून जमिनीवर ठेवायचं, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डाव्या हाताने पुढचं हँडल दाबून मग दोरी ओढायची, हवेत झोकून दोरी ओढणं ही वाईट सवय. कान-डोळ्यांसाठी हेल्मेट नि जाळी हवी, पायात जाड बूट हवेत, चप्पल आणि हाफ पँटवर हे काम करूच नये. चेनसॉची खास पँट मिळते, तिच्यातले लांब धागे साखळीत गुंततात आणि ती जागीच जाम होते.

भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली समजा, मग माणूस जोर लावतो आणि तोल जातो, त्यापेक्षा थांबून गोल कानस मारा. एकट्याने काम करू नका. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही, आणि सोबतच्याने लगेच १०८ लावायचा.