वीस वर्षं आगी विझवल्या, आता परीक्षा कशाला? अमेरिकेतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

५ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने आपत्कालीन सेवांसाठी नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. १९८० पासून लागू असलेल्या 'फायर ब्रिगेड' नियमाची जागा तो घेणार होता. मसुदा शेकडो पानांचा, पण लहान गावांतल्या फायर स्टेशनांत खळबळ उडाली ती मुख्यतः प्रशिक्षणाच्या कलमांवरून. जळत्या इमारतीत शिरणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण राष्ट्रीय मानकाच्या तोडीचं असलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. मग ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं आगी विझवल्या, पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्राचा कागद नाही, त्यांना परीक्षेला बसवायचं की सूट द्यायची? नोव्हेंबरात जाहीर सुनावणी सुरू झाली. स्वयंसेवी दलांच्या संघटनांनी कडाडून विरोध नोंदवला. २०२५ उजाडलं तरी मसुदा मसुदाच होता.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे अग्निशमन दल म्हटलं की महापालिका, पगारी जवान, गणवेश आणि १०१ क्रमांक. अमेरिकेत चित्र उलटं आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात 'युनियन फायर कंपनी' काढली, तेव्हा अमेरिका नावाचा देशसुद्धा नव्हता. शेजाऱ्याचं घर पेटलं तर बादल्या घेऊन धावायचं, एवढाच करार. पूर्णपणे पगारी दल उभं राहायला १८५३ साल उजाडलं, तेही सिनसिनाटीत, वाफेवरचा बंब आल्यावर. बंबाला माणसं कमी लागत होती, पण ती तयारीची लागत होती. मोठ्या शहरांनी ही वाट धरली, खेड्यांनी नाही. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या, म्हणजे 'एनएफपीए'च्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशात सुमारे १०,४१,२०० अग्निशामक होते आणि त्यातले ६,७६,९०० स्वयंसेवक. १९८४ मध्ये स्वयंसेवकांची संख्या ८,९७,७५० होती. म्हणजे वाद चाललाय तो बहुतांशी बिनपगारी माणसांच्या परीक्षेबद्दल, आणि ही माणसं एकंदरीत कमी होत आली आहेत.

भारतात क्रम वेगळा राहिला. १९५६ मध्ये रामपूरला केंद्र सरकारचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते नागपूरला आलं, आणि सब-ऑफिसरपासून वरच्या पदांसाठीचे अभ्यासक्रम तिथे चालू झाले. इथे दलही सरकारी आणि शाळाही सरकारी. अमेरिकेत दलं आधी जन्मली, मानक जवळजवळ अडीचशे वर्षांनी आलं. पंगत जेवायला बसल्यावर ताटं मोजायला घेतली तर उठवणार कोणाला, असा तो पेच आहे.

जुन्यांना सूट देण्याची ही रीत मात्र अग्निशमन दलांनी शोधलेली नाही. तिचं मूळ परवान्यांच्या कायद्यांत सापडतं. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांसाठी परवाना सक्तीचा केला. परवाना मिळवायचे तीन मार्ग होते: नावाजलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, राज्य मंडळाची परीक्षा, किंवा ८ मार्च १८८१ पूर्वी राज्यात सलग दहा वर्षं केलेली वैद्यकी. फ्रँक डेंट हा डॉक्टर १८७६ पासून वैद्यकी करत होता, म्हणजे दहा वर्षांत बसत नव्हता. त्याची पदवी मंडळाने मान्य केली नाही आणि त्याला ५० डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या धंद्यात राज्य पात्रता ठरवू शकतं, असा तो निकाल. अमेरिकेतल्या व्यावसायिक परवान्यांची इमारत बऱ्याच अंशी या निकालावर उभी आहे. पण त्या कायद्यातला तिसरा मार्ग बघा. दहाच वर्षं का? नऊ वर्षं वैद्यकी केलेला घातक आणि दहा वर्षंवाला सुरक्षित, असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. जुन्या, बस्तान बसलेल्या डॉक्टरांचा विरोध टाळून कायदा पार पाडायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती कौशल्य मोजून नव्हे, विरोध मोजून ओढली जाते. माझ्या मते अग्निशामकांच्या सवलतींचा इतिहासही याच वाटेने गेला आहे.

अग्निशमन हा अभ्यासाचा विषय आहे, नुसत्या हिमतीचा नाही, ही कल्पना अमेरिकेत रुजायला वेळ लागला. १९६६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रेसीन इथे विंगस्प्रेड नावाच्या वास्तूत देशातले निवडक अग्निशमन प्रमुख जमले आणि त्यांनी आपल्या पेशाची कठोर झाडाझडती घेतली. बढत्या, प्रशिक्षण, शिक्षण, यांत राष्ट्रीय पातळीवर एकवाक्यता नाही, हा त्यांचा सूर होता. १९७० मध्ये राष्ट्रीय संघटनांचं संयुक्त मंडळ झालं, १९७२ मध्ये त्या मंडळाने पात्रता ठरवणारं बोर्ड नेमलं (तेच पुढे 'प्रो बोर्ड' म्हणून ओळखलं गेलं), आणि १९७४ मध्ये अग्निशामकाच्या पात्रतेचं पहिलं राष्ट्रीय मानक, एनएफपीए १००१, मंजूर झालं. मधल्या काळात, मे १९७३ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने 'अमेरिका बर्निंग' हा अहवाल दिला. दरवर्षी सुमारे १२,००० माणसं आगीत मरतात, हा त्यातला आकडा देशाला हादरवून गेला. त्या धक्क्यातून १९७४ चा संघीय कायदा आला आणि पुढे मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला राष्ट्रीय अग्निशमन अकादमी.

आता खरी मेख. एनएफपीए ही खासगी संस्था. तिचं मानक म्हणजे कायदा नव्हे, राज्याने किंवा दलाने ते स्वीकारलं तरच ते बंधनकारक. त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा झाल्या. कुठे पगारी जवानांना सक्ती आणि स्वयंसेवकांना मोकळीक, कुठे दोघांना सक्ती, कुठे सगळंच ऐच्छिक. जिथे सक्ती झाली तिथे बहुतेक वेळा एक तारीख ठरली आणि त्याआधीपासून सेवेत असलेल्यांना वगळण्यात आलं. कारण उघड होतं. कायदा करणाऱ्यांच्या मतदारसंघात फायर स्टेशनचा हॉल म्हणजे लग्नाचा, निवडणुकीचा, गावजेवणाचा हॉल. तिथल्या ज्येष्ठांना 'तुम्ही आता विद्यार्थी' असं सांगायला कोण जाणार?

या ज्येष्ठांची बाजू मात्र पोकळ नाही. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आगीच्या जागी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे लोक चार पर्याय मांडून त्यांची तुलना करत असतील, अशी अपेक्षा होती. तसं जवळजवळ कोणी करत नव्हतं. धुराचा रंग, दारांच्या फटीतून येणारा दाब, जमिनीचा मऊपणा, आवाज, हे पाहून त्यांना 'ही अमुक जातीची आग' असं ओळखू येई आणि पहिलाच सुचलेला उपाय ते अमलात आणत. ही नजर वर्गात शिकवता येत नाही, हजार वेळा पाहिल्यावर येते. लेखी परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नांना ती दिसतही नाही. प्रमाणपत्राच्या बाजूने बोलणारे याकडे सहसा काणाडोळा करतात. आणखी एक अडचणीची गोष्ट: अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकाराच्या झटक्याने जाणाऱ्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास राहिला आहे. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, कसा धरायचा याची परीक्षा घेऊन हे मृत्यू थांबणार नाहीत. त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते, आणि ती लहान गावात प्रमाणपत्राहूनही नकोशी असते.

पण क्लाइन यांच्या निष्कर्षातच एक अट दडलेली आहे. ओळखीची नजर कामी येते ती आग ओळखीची राहिली तर. इथे गेल्या तीन-चार दशकांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली, आगी कमी झाल्या. १९७७ मध्ये अमेरिकेत इमारतींना लागलेल्या आगी सुमारे १०,९८,००० होत्या, २०२० मध्ये त्या ४,९०,५०० पर्यंत उतरल्या. स्मोक डिटेक्टर, बांधकामाचे नियम, कमी झालेलं धूम्रपान, कारणं पुष्कळ, आणि सगळी आनंदाची. परिणाम एवढाच की १९७७ मध्ये भरती झालेल्या माणसाची वीस वर्षं आणि २००० मध्ये भरती झालेल्याची वीस वर्षं सारखी नाहीत. शांत गावात एखाद्याची वीस वर्षं अपघात, गवताची आग आणि चुकून वाजलेले अलार्म यांत गेलेली असू शकतात. सवलतीच्या नियमाला मात्र वर्षं मोजता येतात, आगी नाही.

दुसरी, आगच बदलली. लाकूड, कापूस, लोकर यांच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणि सिंथेटिक कापड आलं. 'यूएल' या सुरक्षा-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने दोन सारख्या आकाराच्या दिवाणखान्यांत, एकात जुन्या धाटणीचं आणि दुसऱ्यात आजचं सामान ठेवून आगी लावल्या. आजच्या खोलीत फ्लॅशओव्हर, म्हणजे सबंध खोली एकदम पेटण्याचा क्षण, ४ मिनिटांच्या आत आला. जुन्या खोलीत त्याला २९ मिनिटांहून जास्त लागली. पूर्वी दल पोचायचं ते बहुधा फ्लॅशओव्हरच्या आधी. आता ते पोचतं तेव्हा आग हवेअभावी घुसमटून दबा धरून बसलेली असते. दार उघडलं, खिडकी फोडली की तिला श्वास मिळतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या दलाने संशोधकांबरोबर गव्हर्नर्स आयलंडवरची ओस पडलेली घरं पेटवून हेच तपासलं. पाण्याची तयारी नसताना दार-खिडक्या उघडल्या तर परिस्थिती झपाट्याने बिघडते, आणि बाहेरून मारलेलं पाणी आगीला आतल्या माणसांवर ढकलतं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज खरा ठरत नाही, असं दिसलं. म्हणजे ज्या सवयी 'अनुभव' म्हणून नव्यांना शिकवल्या जात होत्या त्यातल्या काही धोकादायक होत्या.

१८ जून २००७ रोजी दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात फर्निचरचं एक मोठं दुकान जळालं. स्प्रिंकलर नव्हते, आत सोफे आणि गाद्यांचा फोम भरलेला. नऊ अग्निशामक मृत्युमुखी पडले. ९/११ नंतरची ही तोवरची सर्वांत मोठी हानी. हे दल स्वयंसेवी नव्हतं, पगारी होतं. विमा कंपन्यांच्या मूल्यांकनात त्याला सर्वोच्च, पहिला वर्ग होता. गेलेल्यांत पंचविसाहून जास्त वर्षं सेवा झालेले अधिकारी होते. नंतरच्या चौकश्यांनी घटनास्थळावरचं नेतृत्व, अपुरा पाण्याचा मारा, जुन्या वळणाचं प्रशिक्षण आणि डावपेच यांवर बोट ठेवलं. त्या माणसांच्या शौर्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. दलाच्या अनुभवाबद्दल घेतली, आणि असा प्रश्न अमेरिकेत त्याआधी एवढ्या उघडपणे क्वचितच विचारला गेला होता.

गंमत म्हणजे या पेचातून निघायची वाट अमेरिकी नियमांत फार आधी लिहून झालेली आहे, फक्त दुसऱ्या प्रकरणात. धोकादायक रसायनांच्या अपघातांसाठी ओशाने १९८९ मध्ये नियम केला. त्यात प्राथमिक प्रतिसाद देणाऱ्या 'ऑपरेशन्स' पातळीच्या कर्मचाऱ्याला किमान आठ तासांचं प्रशिक्षण लागतं, किंवा आपली क्षमता वस्तुनिष्ठपणे दाखवता येईल एवढा अनुभव लागतो, आणि तसं नियोक्त्याने प्रमाणित करावं लागतं. शिवाय दरवर्षी उजळणी. अनुभवाला इथे मान आहे, पण अनुभव म्हणजे वर्षं नव्हेत, तो करून दाखवायचा असतो. जबाबदारी सही करणाऱ्या प्रमुखावर येते.

प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेतही याच्या जवळ जाणारी सोय आहे. प्रो बोर्ड आणि १९९० मध्ये ओक्लाहोमात आकाराला आलेली 'इफसॅक' या दोन संस्था राज्यांच्या परीक्षायंत्रणांना मान्यता देतात. बऱ्याच राज्यांत अनुभवी माणसाला शंभर-दोनशे तासांच्या वर्गात न बसता थेट परीक्षेला बसता येतं: लेखी पेपर, मग बीए सेट, म्हणजे पाठीवरचं श्वसनयंत्र, घालणं, शिडी उभारणं, होज ओढत आत जाणं, गाठी मारणं. ज्याला काम येतं त्याचे एक-दोन शनिवार-रविवार जातात. ज्याला येत नाही त्याला तिथे कळतं. न्यूयॉर्क राज्याने आणखी एक व्यवहारी फोड केली: बाहेरून काम करणाऱ्यांचा मूलभूत अभ्यासक्रम वेगळा, आत शिरणाऱ्यांचा वेगळा. साठीतला टँकरचालक किंवा पंपावर उभा राहणारा माणूस गावाला हवाच असतो, त्याला आत शिरण्याची परीक्षा देऊन काय करायचंय? २०२४ चा गदारोळ बराचसा या फरकाभोवतीच घुटमळत होता, जरी दोन्ही बाजूंच्या भाषणांत तो हरवून जात असे.

मला खटकते ती मात्र दुसरीच सूट. तिच्याबद्दल सुनावण्यांत फारसं कोणी बोलत नाही. हेच अग्निशामक १९७० च्या दशकापासून रुग्णवाहिकेवरही काम करू लागले. त्यासाठीची राष्ट्रीय नोंदणी १९७० मध्ये सुरू झाली आणि तिथे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्याला कोणी आपला अपमान मानत नाही. अग्निशामकाचं मूळ प्रमाणपत्र मात्र अनेक राज्यांत एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. मानकाच्या आवृत्त्या बदलत गेल्या, आता तर एनएफपीए १००१ हे २०२४ च्या आवृत्तीत एनएफपीए १०१० मध्ये विलीनही झालं. तरी १९८५ मध्ये, फोमच्या आगींवरचं संशोधन व्हायच्या कितीतरी आधी, परीक्षा पास झालेला माणूस आजही 'प्रमाणित' आहे. कागद नसलेल्या त्याच्या समवयस्काला सूट द्यावी की नाही यावर राज्य विधिमंडळं भांडतात, आणि कागद असलेल्याला ती आपोआप मिळालेली असते.