रक्तवाहिनीची फांदी कुठे फुटते?

बेडूकमाशाच्या पारदर्शक शेपटीत केशवाहिन्यांना धुमारे फुटताना एलियट क्लार्क यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या नोंदी १९१८ साली प्रसिद्ध झाल्या. पण धुमारा नेमका इथेच का, शेजारी का नाही, हे नुसत्या नजरेला कळण्यासारखे नव्हते.

१९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी तर्क मांडला, की डोळ्याच्या पडद्यातूनच काहीतरी झिरपते आणि वाहिन्यांची वाढ ठरवते. १९७१ मध्ये ज्युडा फोकमन यांनी हा विचार कर्करोगापर्यंत नेला: गाठ स्वतःकडे वाहिन्या ओढून घेते, त्या रोखल्या तर ती खुंटेल. त्या ओढणाऱ्या रेणूचा शोध बराच रेंगाळला. १९८३ मध्ये वाहिन्या पाझरायला लावणारे एक प्रथिन सापडले, १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी अस्तरपेशी, म्हणजे वाहिन्यांच्या आतल्या थराच्या पेशी, वाढवणारे ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळे काढले, आणि जनुके वाचल्यावर दोन्ही एकच निघाली!

चालना देणारा संदेश मिळाला, तरी माझ्या मते खरे कोडे इथूनच सुरू होते. हा संदेश तर आसपासच्या सगळ्याच पेशींना पोचतो. सगळ्याच पुढे सरसावल्या तर फांदी कशी होणार? नुसता गचपण माजेल.

२००३ मध्ये होल्गर गेरहार्ट, क्रिस्टर बेट्सहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांना नवजात उंदरांच्या दृष्टिपटलात दिसले, की प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाशी एक पेशी तंतू पसरून व्हीईजीएफ जिकडे दाट तिकडे वळते. मागच्या पेशी विभागून देठ लांबवतात. टोकाची पेशी कशी निवडली जाते, ते २००७ च्या सुमारास उंदीर आणि झेब्रामाशांवरील प्रयोगांनी उलगडले. व्हीईजीएफ मिळालेली पेशी ‘डीएलएल४’ हे प्रथिन पृष्ठभागावर आणते. ते शेजारच्या पेशीवरच्या ‘नॉच’ या प्रथिनाला भिडते आणि ती शेजारीण व्हीईजीएफचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिने, कमी करते, म्हणजे तिला हाक कमी ऐकू येते. नॉच हे नाव फळमाशीच्या पंखावरच्या खाचेवरून आलेले. आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत शतकभरापूर्वी अभ्यासलेले हेच जनुक रक्तवाहिन्यांतही लगाम धरून असावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

हा लगाम काढून घेतल्यावर काय होते, ते २००६ मध्येच उंदरांतील गाठींवर दिसले होते. डीएलएल४ अडवल्यावर वाहिन्या कमी न होता वाढल्या, दाट जाळे झाले. पण त्यातून रक्त धड वाहीना आणि गाठीची वाढ मंदावली.