पाच-सहा फुलांची साक्ष: जपानमध्ये वसंत कसा मोजतात

टोक्योतल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात साकुराचे, म्हणजे जपानी चेरीचे, एक ठरलेले झाड आहे. मार्च उजाडला की हवामान खात्याचे कर्मचारी त्याच्यासमोर उभे राहून फुले मोजतात. पाच-सहा फुले पूर्ण उमललेली दिसली की टोक्योत साकुरा फुलल्याचे जाहीर होते. चारच असतील तर ते परत जातात. पुढे साधारण ८० टक्के कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. देशभर अशी पन्नासहून अधिक झाडे नेमलेली आहेत आणि एकाच निकषाची ही नोंद १९५३ पासून चालू आहे.

साकुरा ही हिवाळा सरल्याची पहिली खूण मात्र नव्हे. उमे, म्हणजे जपानी जर्दाळूची फुले, तिच्या आधी येतात आणि आठव्या शतकात काव्यात मान होता तो उमेलाच. वाऱ्याचीही खूण आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चमधल्या विषुवदिनापर्यंत दक्षिणेकडून येणारा पहिला जोरदार उबदार वारा म्हणजे ‘हारु इचिबान’, अर्थात ‘वसंतातला पहिला’. टोक्योसाठी त्याचा वेग सेकंदाला किमान ८ मीटर असावा लागतो. नाव गोड असले तरी त्यामागे दुःख आहे: इकी बेटाचे ५३ मच्छीमार १८५९ मध्ये अशाच वाऱ्यात बुडाले. ही खूण समुद्रावरच्या माणसांनी धोक्याची सूचना म्हणून ओळखली होती.

साकुराच्या तारखांचा माग मात्र बाराशे वर्षे मागे जातो. सम्राट सागा यांनी ८१२ मध्ये क्योटोत फुलांची मेजवानी दिली, तिथून दरबारी आणि भिक्षू यांच्या रोजनिशांत बहराचे उल्लेख सापडतात. ओसाकाचे संशोधक यासुयुकी आओनो यांनी ते वेचून, जुन्या चांद्र तिथी आजच्या दिनदर्शिकेत बदलून एक लांबलचक मालिका उभी केली. तिच्यात शतकानुशतके बहर बहुधा एप्रिलच्या मध्याला आहे. २०२१ मध्ये तो २६ मार्चला आला. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख १४०९ मधली २७ मार्च होती. यात जागतिक तापमानवाढीचा वाटा आहे, तसाच वाढत्या क्योटो शहराच्या उष्णतेचाही. ही मालिका वाचताना एक चूक सर्रास होते. तिच्यातल्या तारखा रानसाकुराच्या पूर्ण बहराच्या आहेत, टोक्योतल्या पहिल्या फुलाच्या नव्हेत. दोन्ही शेजारी मांडून तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

आजची बहुतेक ठरलेली झाडे ‘सोमेइ योशिनो’ जातीची आहेत. एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, आजच्या टोक्योत मोडणाऱ्या सोमेइ गावच्या रोपवाटिकांतून ही जात पसरली. तिचे सगळे वृक्ष कलमी, म्हणजे अनुवंशाने एकच झाड. त्यामुळे सारख्या हवेत ते सारखेच वागतात आणि दोन शहरांच्या तारखांतला फरक हा हवेचाच फरक ठरतो. मोजणीसाठी याहून चांगले साधन शोधून सापडले नसते. दक्षिणेकडच्या ओकिनावात आणि उत्तरेकडच्या होक्काइदोच्या काही भागांत ही जात नीट टिकत नाही, म्हणून तिथे दुसऱ्या जातींची झाडे नेमली आहेत.

कळी तयार होते आदल्या उन्हाळ्यात. शरदात ती सुप्तावस्थेत जाते आणि तिला जागे करते ती थंडी. साधारण ५ अंशांच्या आसपासची थंडी दीड-दोन महिने मिळाली, की पुढच्या उबेला ती प्रतिसाद देते. हापूसच्या मोहोराला थंडी लागते हे कोकणातल्या बागायतदारांना ठाऊक असतेच. झाड वेगळे, अंतर्गत क्रिया वेगळी, पण थंडीची गरज खरी. म्हणूनच हिवाळा फार उबदार गेला तर बहर लांबतो. २०२० मध्ये टोक्योत १४ मार्चला फुले जाहीर झाली, तीही बर्फ पडत असताना. दक्षिणेकडच्या उबदार कागोशिमाला मात्र एप्रिलपर्यंत थांबावे लागले. कधी वादळाने किंवा अळ्यांनी उन्हाळ्याअखेर पाने गेली, तर कळीला झोपवणारे पानांतले संप्रेरक पोहोचत नाही आणि ऑक्टोबरमध्येच काही फुले येतात. त्या कळ्या वसंतासाठी उरत नाहीत.

अंदाज वर्तवण्याचे काम हवामान खात्याने १९५५ ते २००९ केले. पूर्वी कळ्या तोडून त्यांचे वजन करत. १९९६ पासून संगणक आला. मार्च २००७ मध्ये गणनेतल्या चुकीमुळे टोक्योसह काही शहरांच्या तारखा चुकल्या, तेव्हा खात्याने जाहीर माफी मागितली. आता अंदाज खासगी कंपन्या देतात. नोंद मात्र खात्याकडेच आहे, पण २०२१ पासून तिची व्याप्ती घटली: प्राण्या-पक्ष्यांची निरीक्षणे पूर्ण थांबली, वनस्पतींत सहाच प्रकार राहिले. दशकानुदशकांची मालिका अशी तोडणे हे मोठे नुकसान आहे, कारण सुटलेले वर्ष नंतर मोजता येत नाही.

घरच्या घरी हिशेब करायचा तर ढोबळ नियम असा: १ फेब्रुवारीपासून रोजचे कमाल तापमान मिळवत जायचे. बेरीज ६००ला पोहोचली की फुले जवळ आली. फेब्रुवारीत सरासरी ११ अंश धरले तर २८ दिवसांचे ३०८ होतात. उरलेले २९२ मार्चमध्ये १४ अंशांच्या दराने २१ दिवसांत भरतात. टोक्योची १९९१ ते २०२० ची सरासरी तारीख २४ मार्च आहे, म्हणजे उत्तर जवळपास बरोबर. रोजचे सरासरी तापमान घेतले तर मर्यादा ४०० धरतात. जानेवारी उबदार गेला असेल, तर मात्र कळीची झोप १ फेब्रुवारीपर्यंत पुरती मोडलेली नसते आणि बेरीज भरूनही झाड उघडत नाही.