एफआरपी: किमान दर कायद्यात, थकबाकी खात्यात

सरकारने बाजारभावाच्या वर किमान दर बांधला की माल पडून राहतो, हे सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. कोल्हापुरात उसाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशापासून असा दर आहे; आज त्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, म्हणतात. तरी इथे दराच्या भांडणात पडून राहतो तो सहसा ऊस नव्हे, बिल. पाठ्यपुस्तकातली आकृती इथे तशीच का लागू होत नाही, हे समजल्याशिवाय ऊसदराचं आंदोलन कळत नाही.

तोडलेला ऊस थांबत नाही. 24 तासांच्या पुढे वजनही घटतं आणि साखरही. त्यामुळे शंभर किलोमीटरवर चांगला दर असला तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. त्यात नव्या कारखान्यासाठी अंतराची अट आहे: केंद्राच्या आदेशात 15 किलोमीटर, महाराष्ट्रात 25. विकणारे हजारो आणि घेणारे एक-दोन, अशा बाजाराला जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये 'मोनॉप्सनी' म्हटलं. अशा बाजारात किमान दर बांधला तर माल शिल्लक न राहता विकणाऱ्याची किंमत वाढू शकते. म्हणजे कायद्याचा पाया चुकीचा नव्हता. दुसरा घेणारा म्हणून गुऱ्हाळ होतं, त्याला हा किमान दर लागू नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरी गुळाच्या व्यापारावरच वाढली. गुळाला भाव असला की शेतकऱ्याला कारखान्याशी बोलायला बळ येतं. गुऱ्हाळं घटली तसं तेही घटलं.

2009-10 च्या हंगामापासून 'एसएमपी' (वैधानिक किमान किंमत) जाऊन 'एफआरपी' आली: 9.5 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून साडेनऊ किलो साखर निघाली तर, क्विंटलला 129.84 रुपये. कारखान्याच्या नफ्यातला वाटा शेतकऱ्याला देणारं आदेशातलं 5-अ कलम त्याच वेळी गेलं. पुढे दर चढत गेला, पण पायाभूत उताराही चढला: 2018-19 ला 10 टक्के, 2022-23 ला 10.25. खरी मेख इथे आहे. 2017-18 ला 9.5 टक्क्यांना 255 रुपये होते आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 2.68. म्हणजे 10 टक्क्यांना 268.40 मिळतच होते. पुढच्या वर्षी 10 टक्क्यांना 275 जाहीर झाले. वाढ 20 ची दिसली, होती 6.60 ची.

2025-26 चा हिशेब असा: 10.25 टक्क्यांना 355, वरच्या दर 0.1 टक्क्याला 3.46. उतारा 12 टक्के धरला तर क्विंटलला 415.55, टनाला 4155.50. हा दर कारखान्याच्या गेटवरचा, म्हणून तोडणी-वाहतूक यातूनच कापली जाते. उतारा कारखान्याची प्रयोगशाळा काढते आणि वजन कारखान्याचा काटा, म्हणून काटामारी (वजन कमी दाखवणं) आणि रिकव्हरी चोरी (उतारा कमी दाखवणं) यांचे आरोप सुटत नाहीत.

आता दुसरी बाजू. कच्च्या मालाचा दर कायद्याने बांधलेला, साखरेचा भाव मात्र मोकळा. भाव पडला की कारखाना ऊस नाकारत नाही, बिल लांबवतो. 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज, हे आदेशातच आहे; पण व्याजासाठी भांडायचं तर पुढच्या हंगामात तोडीची पाळी त्याच कारखान्याकडे मागायची असते. साखर उद्योगावरच्या नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने 2012 मध्ये महसुलाच्या वाटणीचं सूत्र सुचवलं, राज्याने 2013 मध्ये तसा कायदा केला. शेतकऱ्याला साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचे 70 टक्के किंवा नुसत्या साखरेचे 75 टक्के, आणि एफआरपीपेक्षा कमी नाहीच. म्हणजे भाव पडल्याचा भार पुन्हा कारखान्यावरच.

मग 2018 मध्ये साखरेलाच किलोला 29 रुपये किमान विक्री दर बांधला, 2019 मध्ये तो 31 झाला. वरच्या हिशेबातल्या 12 टक्के उताऱ्याच्या टनातून 120 किलो साखर निघते. 31 ने तिचे 3720 होतात, उसाचे 4155.50 द्यायचे असतात. फरक मळी, बगॅस (उसाचा चोथा), इथेनॉल किंवा साखरेच्या चढ्या बाजारभावातून निघाला तर ठीक, नाहीतर बँकेच्या उचलीतून. राज्याने 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी दिली ती याच ओढाताणीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो निर्णय रद्द केला, आणि एकरकमीची अट पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली.