व्हिसेरा राखून ठेवलाय, आता पुढे काय? विषबाधेने मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाने करायचा अर्ज

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेस्टिंग (काड्यांना औषध लावणे) आणि फवारणीची एकच घाई असते. औषध अंगावर सांडते, वाऱ्याने तोंडावर येते, कधी पाण्याची समजून भलतीच बाटली तोंडाला लागते. त्यातून माणूस दगावला तर शवविच्छेदनाच्या कागदावर बहुतेक वेळा असे लिहून येते की मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा (म्हणजे मृताच्या अवयवांचे काढून ठेवलेले भाग) तपासणीसाठी जतन केला आहे. हे वाचून घरच्यांना वाटते की सगळे अडकले, आता अहवाल येईल तेव्हाच काय ते. असे थांबून राहिलेल्या घरांची अर्जाची मुदत निघून जाते, आणि ते पाहून जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुदत आहे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची. पूर्वी हा विमा होता. 2023 पासून विमा कंपनी बाजूला झाली आणि शासन थेट अनुदान देते. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाले तरी तेवढेच, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख. वय 10 ते 75 वर्षे हवे. सातबारावर नाव असलेला खातेदार तर पात्र आहेच, शिवाय त्याच्या कुटुंबातली खातेदार नसलेली एक व्यक्तीही पात्र असते: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी. बागेत राबणाऱ्या कितीतरी बायकांचे नाव सातबारावर नसते. ‘तिच्या नावावर जमीन नाही’ एवढ्यावरून कोणी परत पाठवले तर तिथेच थांबू नका.

कीटकनाशकाची किंवा अन्य कारणाने झालेली विषबाधा आणि सर्पदंश, विंचूदंश या योजनेत बसतात. आत्महत्या आणि नशेच्या अमलाखाली झालेला अपघात बसत नाही. विषाच्या बाबतीत खरी गाठ इथेच पडते, कारण प्रयोगशाळा फक्त विष कोणते ते सांगू शकते. ते पोटात चुकून गेले की आणखी कसे, हे ठरते पंचनामा आणि जबाबांवरून.

म्हणून पहिला दिवस सगळ्यात मोलाचा. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, तिलाच सगळे एडी (अ‍ॅक्सिडेंटल डेथ) म्हणतात. मग मरणोत्तर पंचनामा होतो. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो, जुन्या छापील नमुन्यांवर मात्र अजून कलम 174 दिसेल. त्या दिवशी कोणते औषध, कोणत्या पिकावर, किती वाजेपर्यंत मारले आणि त्रास कधी सुरू झाला, हे जबाबात नीट येऊ द्या. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. औषधाची बाटली, तिचे लेबल आणि अंगावरचे कपडे फेकू नका, पोलिसांच्या ताब्यात द्या. आमच्या नात्यातल्या एका घरात ‘अपशकुनी वस्तू’ म्हणून बाटली जाळून टाकली होती. पुढे औषधाचे नाव कोणालाच सांगता येईना. प्रयोगशाळेत रसायनांच्या एकेका गटासाठी वेगळ्या चाचण्या असतात. नाव आधीच कळले तर नेमके तेच शोधता येते.

छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याबद्दल इथेच सांगायला हवे. हे काम करण्याच्या आधी किंवा नंतर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धाप लागते, रक्तदाब घसरतो. जीव धोक्यात येतो, आणि रक्तात दारू सापडली तर नशेच्या अटीवरून अर्जही लटकू शकतो. मजुरांना हे आधीच बजावून सांगा.

आता व्हिसेरा. जठर आणि आतड्याचा तुकडा एका बरणीत, यकृत, मूत्रपिंड वगैरेचे भाग दुसऱ्या बरणीत आणि रक्त वेगळे काढून ठेवतात. अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात राहतात. रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणजे त्यातले अल्कोहोलचे प्रमाण ठेवल्या-ठेवल्या बदलत नाही. बरण्या मोहोरबंद होऊन पोलिसांमार्फत नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथे मोहोर शाबूत आहे का ते आधी पाहतात, मगच काम सुरू होते. ही ने-आण कुटुंबाने करायची नसते.

प्रयोगशाळेचा अहवाल, म्हणजे बोलीतला ‘सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट’, तुमच्या घरी येत नाही. तो पोलीस ठाण्याला जातो, पोलीस तो शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवतात आणि डॉक्टर मृत्यूच्या कारणाबाबत अंतिम मत देतात. तुम्हाला दोन्ही कागद हवेत. मृत्यू नाशिकच्या रुग्णालयात झाला असेल तर नोंद आधी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने (म्हणजे घटना दुसऱ्या हद्दीतली म्हणून तात्पुरती) होऊन मग तुमच्या तालुक्याच्या ठाण्याकडे येऊ शकते. दोन्हीकडचे क्रमांक लिहून ठेवा. प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अहवालात विष आढळले नाही असे आले तरी खचू नका. उलट्या होऊन गेल्या, पोट धुतले, चार दिवस उपचार झाले, तर विष शरीरात उरलेले नसते. अशा वेळी रुग्णालयाचे केसपेपर कामी येतात. सेंद्रिय फॉस्फरस (ऑर्गॅनोफॉस्फेट) गटातल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर रक्तातले कोलिनेस्टेरेज (अशा विषाने घटणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) किती घटले होते ही नोंद फार बोलकी असते. केसपेपरची प्रत डिस्चार्जच्या किंवा मृत्यूच्या दिवशीच मागा.

सर्पदंशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे भाताच्या आवणीत (रोपांच्या लावणीत) साप चावतो. सापाचे विष हे प्रथिनांचे मिश्रण असल्याने व्हिसेऱ्याच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत ते दिसत नाही. तिथे दंशाच्या खुणा, लक्षणे आणि डॉक्टरांची नोंद यांवरच सगळे उभे राहते. माणूस उपचारांआधीच गेला आणि शवविच्छेदन झाले नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र घ्या.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, घटनेपासून 30 दिवसांच्या आत द्यायचा. सोबत सातबारा, वारसाची गाव नमुना 6-क प्रमाणे नोंद, मृत्यूचा दाखला, मृताच्या वयाचा पुरावा, वारसाचे आधार आणि बँक पासबुक जोडा. विषबाधेसाठी यात पोलिसांतली पहिली खबर किंवा एडीची प्रत, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेऱ्याचा अहवाल यांची भर पडते. व्हिसेरा अहवाल आला नसेल तर बाकी कागद लावून अर्ज द्याच. अर्जातच ‘अहवाल प्रलंबित, मिळताच सादर करतो’ असे लिहा, पोलिसांकडे दिलेल्या मागणीची पोच जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मंजुरीचा निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती करते.

मृत्यूच्या दाखल्यासाठी व्हिसेऱ्याची वाट पाहावी लागत नाही, कारण दाखल्यावर मृत्यूचे कारण छापतच नाहीत. नोंद 21 दिवसांत करायची आणि ती जिथे मृत्यू झाला तिथे होते. सुरगाण्याचा माणूस नाशिक शहरातल्या रुग्णालयात गेला तर दाखला महानगरपालिकेचा मिळेल. त्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे मारू नका.